मे महिन्यात दारात आलेले सर

मे महिन्यातल्या दुपारी गावाकडं कुणी कुणाच्या दारात जात नाही. त्यामुळं मोटरसायकलचा आवाज दारात येऊन थांबला तेव्हा दादाला वाटलं, साखर कारखान्याचा, उसाच्या नोंदी ठेवणारा चिटबॉय असेल. आले होते दोघं जण. एक पन्नाशीचे, डोक्याला पंचा गुंडाळलेले; दुसरा तिशीतला, पाठीला सॅक अडकवलेला. पायातलं ओट्याखाली काढून दोघं सोप्यात आले आणि दादा ‘बसा’ म्हणेपर्यंत उभेच राहिले. हायस्कूलचे सर होते. हातातल्या प्लास्टिकच्या फाइलमध्ये गावातल्या आणि वाड्यांवरच्या पोरांची यादी होती, कोण पाचवीत जाणार, कोण आठवीत. दादाच्या नातीच्या नावापुढं पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलेलं मला बसल्या जागेवरून दिसत होतं. ‘वह्या आम्ही देतो, गणवेश आमच्याकडून. मळ्यातनं यायला रिक्षा लावलीय, तिचं भाडं आम्ही मास्तर लोकच भरतो,’ मोठे सर सांगत होते. दादा म्हणाला, ‘बघू की सर, घरात विचारतो.’ मग सूनबाई पाण्याचे तांबे घेऊन बाहेर आली आणि अगदी गोड आवाजात तिनं विचारलं, ‘राग मानू नका सर, पण तुमची मुलं कुठल्या शाळेत आहेत?’ मोठ्या सरांनी तांब्या तोंडाला लावला आणि बराच वेळ पाणी प्यायले. धाकटे मात्र हसले. ‘मला अजून नाहीत वहिनी. लग्नच व्हायचंय. वीस टक्के अनुदानावरच्या, सरकारकडनं वीसच टक्के पगार मिळणाऱ्या मास्तरला पोरगी कोण देतंय?’ सगळेच हसले. चहा झाला. गाडी निघून गेली.

नंतर कितीतरी दिवस मला खटकत राहिलं ते सूनबाईचं विचारणं नव्हे, ते रास्तच होतं. सर उभे राहिले, ते खटकलं.

आमच्या वेळी सर घरी आले की आम्ही माळ्यावर पळायचो. सर आले म्हणजे एकतर पोरानं शाळेला दांडी मारून विहिरीवर मुटके मारलेत, नाहीतर पोरीचं लग्न ठरवल्याची कुणकुण सरांना लागलीय. वडील खुर्ची नसेल तर घोंगडं अंथरायचे आणि स्वतः उंबऱ्यापाशी बसायचे. सर बोलायचे, वडील ऐकायचे, आई दाराआडून ऐकायची. माझ्या अक्काला नववीतून काढायचं ठरलं तेव्हा हेडमास्तर स्वतः दोन वेळा येऊन गेले होते. अक्का तरी शाळेतून उठलीच. पण सर येऊन गेले ही गोष्ट आमच्या घरात एखाद्या मोठ्या पाहुण्याच्या भेटीसारखी पुढं अनेक वर्षं सांगितली जायची, आणि सांगताना वडिलांचा आवाज जरा खाली यायचा.

आमचं गाव कऱ्हाडच्या अंगाचं. इथून काले काही फार लांब नाही. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये दसऱ्याच्या दिवशी रयत शिक्षण संस्था काढली ती तिथं, एका खेड्यात. पुढं १९२४ मध्ये संस्था साताऱ्याला गेली. सगळ्या जातिधर्मांची पोरं एका छपराखाली राहतील, एका पंगतीला जेवतील असं वसतिगृह तिथं उभं राहिलं, आणि १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचं नाव मिळालं. पोरं धनिणीच्या बागेत राबायची, आपलं आपण पिकवायची, शिजवायची आणि शिकायची. बोर्डिंगात दाणा उरला नाही तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी गळ्यातलं मंगळसूत्र काढून दिलं. आमच्याकडं ही गोष्ट सांगताना म्हाताऱ्या अजून पदर डोळ्यांना लावतात, जणू त्या दिवशी स्वतः तिथं उभ्या होत्या. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं, फुकट शिकवणारं आणि राहायची सोय असणारं. किर्लोस्करांचे नांगर विकत हिंडलेला हा माणूस. कोणत्या गावात कुणाचं किती पिकतं आणि कुणाचं पोरगं हुशार आहे, हे त्याला एकाच फेरीत कळत असणार. दारोदार जाऊन मूठमूठ धान्य मागायचं आणि त्याबरोबर पोरगंही मागून घ्यायचं, अशी ती पद्धत. म्हणजे मास्तरानं दारात येऊन पोरगं मागणं आमच्या मुलखाला नवं नाही. फक्त तेव्हा मागणारा बसायचा आणि देणारा उभा असायचा.

आमचं हायस्कूल रयतचं नव्हे. त्याच वाटेनं निघालेल्या एका लहानशा संस्थेचं, पन्नासच्या दशकातलं. पहिले वर्ग मारुतीच्या देवळात भरले, पुढं एका पडक्या वाड्यात. जमीन गावातल्या एकानं दिली, दगड नदीपलीकडच्या खाणीतून बैलगाड्यांनी आले, आणि भिंतींना ज्यांचे हात लागले त्यांतले निम्मे अंगठेबहाद्दर होते. माझे चुलते सांगायचे, ‘तुमच्या सायन्सच्या खोलीचा पाया आम्ही खांदलाय,’ आणि सांगितल्यावर ती खोली कशासाठी असते तेही विचारायचे. पाटीवर नाव ‘न्यू इंग्लिश स्कूल’. टिळक-चिपळूणकरांनी १८८० मध्ये पुण्यात काढलेल्या शाळेचं नाव सगळ्या महाराष्ट्रानं असं उचललं, की इंग्रजीच्या तासालाही मराठीतच शिव्या खाणारी आम्ही पोरं त्या पाटीखालून खाकी चड्डीत आत जायचो आणि त्यात काही विनोद आहे हे कुणाला जाणवायचं नाही.

घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा तुकडा, लिंबाच्या फांदीला तारेनं टांगलेला. शिपाईमामा लोखंडी कांबीनं तो हाणायचे आणि आवाज पार मळ्यापर्यंत जायचा. बाया त्यावर धारा काढायची, भाकरी थापायची वेळ ठरवायच्या. वर्गांना कौलं. पावसाळ्यात फळ्यावर पाणी ओघळायचं, मग सर फळ्याचा कोरडा भाग शोधून भूमितीची आकृती काढायचे, तीही तिरकी. अक्काच्या वेळी जमीन शेणाची होती. शनिवारी सारवायचं काम मुलींकडं, आणि मुलं म्हणे त्या वेळात कबड्डी खेळायची. अक्का हे अजून चिडूनच सांगते. माझ्या वेळेपर्यंत शहाबादी फरशी आली होती. तिच्यावर उन्हाळ्यात पोट टेकून झोपलं की अंगभर जो गारवा शिरायचा तो पुढं कुठल्या एसीत मिळाला नाही. मधल्या सुट्टीत डबे उघडले की वर्गात खर्डा, लसणाची चटणी आणि शिळ्या भाकरीचा वास दाटायचा. धनगरवाड्यावरच्या पोरांच्या फडक्यात कधी नुसती भाकरी आणि कांदा असायचा. ती पोरं पाण्याच्या टाकीमागं जाऊन खायची. आम्हाला ते माहीत होतं. आम्ही कुणी तिकडं गेलो नाही.

शाळा सगळ्यांची होती, हे खरं. पंचक्रोशीत दुसरी नव्हतीच. बागायतदाराचा पोरगा, तलाठ्याची मुलगी, बौद्धवाड्यातली, रामोशीवाड्यातली, न्हाव्याची, सुताराची पोरं, सगळी त्याच एका फाटकातून आत यायची. फी भरायची ऐपत नसली तर यशवंतराव चव्हाणांच्या काळापासून चालत आलेली ईबीसीची, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांसाठीची फी-सवलत होती. तलाठ्याकडून उत्पन्नाचा दाखला आणायचा, फॉर्मवर वडिलांचा अंगठा घ्यायचा. पण आत आल्यावर आठवीत तुकड्या पडायच्या. अ, ब आणि क. जात बघून कुणी पाडल्या नव्हत्या, सातवीचे गुण बघूनच पाडल्या होत्या. यादी वाचून झाली आणि मुलं आपापल्या खोल्यांकडं वळली, तेव्हा सगळा गाव गल्लीवार वेगळा झाला. ‘अ’ला गणिताचे चांगले सर, ‘अ’ची खोली ऑफिसाशेजारी. ‘क’ मुतारीच्या बाजूला, तिथं पी.टी.चे सर इतिहास शिकवायचे आणि शाळेत पाहुणे आले की पहिल्यांदा ‘क’लाच मैदानातले दगड वेचायला काढायचे. मी ‘अ’त होतो. दगड वेचणाऱ्यांकडं आम्ही खिडकीतून बघायचो आणि तास चुकल्याबद्दल आम्हाला त्यांचा हेवा वाटायचा.

दहावीच्या तोंडावर आणखी एक चाळणी लागायची, तिचं नाव १७ नंबरचा फॉर्म. १९७५ मध्ये अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीची बोर्डाची परीक्षा आली, तेव्हापासून शाळेची सगळी अब्रू त्या एका निकालात जाऊन बसली. मग जो पोरगा नापास होणार असं दिसायचं, त्याच्या बापाला बोलावून गोडीनं सांगितलं जायचं: याला बाहेरून बसवा. पोरगा तोच, शिकवणारे तेच, पण निकाल मोजताना तो शाळेचा नाही. कितीतरी गावांत कितीतरी संस्थांनी हे केलं. शंभर टक्के निकालाचा फलक लावून त्याखाली फेटे बांधून फोटो काढले. त्या फोटोत जे नाहीत त्यांचं शिक्षण कोणत्या शाळेत झालं म्हणायचं, हे मला अजून कळलेलं नाही.

आणि तरी दहावीच्या वर्षातल्या रात्री आठवल्या की हे सगळं मनातून बाजूला सरतं. दिवाळीनंतर दहावीची पोरं शाळेतच झोपायला जायची. वळकटी, कंदील, आईनं दिलेली शेंगांची पिशवी. तिथं अ-ब-क नव्हतं; ज्याचा कंदील चांगला त्याच्याभोवती बाकीचे. सर रात्री साडेनवाला बॅटरी घेऊन यायचे, झोपलेल्याच्या पायावर छडी आपटायचे आणि स्वतः टेबलावर डोकं ठेवून घोरायला लागायचे. नवनीतचं गाइड एक आणि वाचणारी डोकी सात. कधी मध्यरात्री कुणाच्या तरी उसातून ऊस यायचा, आणि सकाळी चिपाडं कुणी टाकली म्हणून सगळ्यांनाच मार. ‘क’मधला एक पोरगा, आज गावात सगळे त्याला जेसीबीवाला म्हणतात, माझ्या शेजारी झोपायचा. त्याला प्रमेय कधी पाठ झालं नाही, पण फ्यूज गेला की हेडमास्तर त्याला घरून बोलावून घ्यायचे. भूमितीच्या सरांना आपल्या घरची मोटर दुरुस्त करून घेताना त्याच्याशी जे आदरानं बोलताना मी ऐकलं, ते वर्गात कधी ऐकलं नाही.

मुली अर्थातच रात्री नव्हत्या. त्यांचा अभ्यास चुलीपुढं.

शाळेचा खरा इतिहास लिहायचा तर तो ऑफिसातल्या लोखंडी कपाटात पडलाय, जनरल रजिस्टरमध्ये. लाल कापडी पुठ्ठा, कडा वाळवीनं कुरतडलेल्या. नाव, वडिलांचं नाव, जात, जन्मतारीख, कोणत्या इयत्तेत आला, का गेला. ‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्यात ‘सततची गैरहजेरी’ आणि ‘पालकांच्या विनंतीवरून’ ही दोनच कारणं पानंच्या पानं चालतात. अक्काच्या नावापुढं दुसरं आहे. जन्मतारखेच्या रकान्यात तर आमची अर्धी पिढी एक जूनला जन्मली. आईला विचारलं तर ती सांगायची, ‘ह्यो झाला तवा भुईमुगाची काढणी चालली हुती.’ मास्तर भुईमूग ऐकून घ्यायचे आणि एक जून लिहायचे, म्हणजे शाळेच्या वयाचा हिशेब सोपा. आज फेसबुकवर एक जूनला गावातल्या लोकांना शुभेच्छा देता देता बोट दुखतं. साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, असंच एक रजिस्टर जपून ठेवलंय. ७ नोव्हेंबर १९०० रोजी ‘भिवा रामजी आंबेडकर’ या मुलाचा तिथं प्रवेश झाला, क्रमांक १९१४. २०१७ पासून तो दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. त्या दिवशी ती ओळ लिहिणाऱ्या कारकुनालाही ती शेकडो ओळींतली एक ओळ होती.

तर ही रजिस्टरं २०२३ च्या शेवटाला अचानक मोलाची झाली. मराठ्यांच्या जुन्या कुणबी नोंदी शोधायला नेमलेल्या न्यायमूर्ती शिंदे समितीचं काम सुरू झालं आणि गावोगाव शोधाशोध लागली. कुणबी म्हणून ओबीसीचा दाखला काढायचा तर १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा कागद हवा. मराठी शाळेत आणि हायस्कुलात माणसांची रीघ. मुंबईला स्थायिक झालेले, पुण्यात फ्लॅट घेतलेले, शाळेच्या फाटकातून कित्येक वर्षं आत न आलेले लोक गाड्या घेऊन आले. मीही त्या गर्दीत उभा होतो, भावकीतल्या एकासाठी. हेडमास्तर आणि क्लार्क धूळ झटकत पानं उलटत होते. कुणाच्या आज्याची नोंद सापडली की सगळे टाळ्या वाजवायचे, पेढे वाटायचे. पलीकडच्या खोलीत आठवीचा वर्ग चालू होता, तिकडं कुणी वळूनही बघितलं नाही. माणसांना शाळेचा कागद हवा होता. शाळेला माणसं हवी होती. त्या दिवशी एका ऑफिसात दोन्ही गोष्टी समोरासमोर होत्या, आणि क्लार्क दर माणसाला न चुकता विचारत होता, ‘घरात पाचवीला जाणारं कोण आहे का?’

पोरं गेली कुठं, हे कुणाला विचारायला नको. २०१२ मध्ये स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे सरकारी अनुदानाशिवाय चालणाऱ्या शाळांचा कायदा आला आणि पाचसहा वर्षांत आमच्या रस्त्याला सकाळी पिवळ्या बसच्या रांगा लागल्या. एक बस कारखान्याच्या बाजूच्या इंग्लिश मीडियमची, दुसरी तालुक्याच्या सीबीएसईची. घरं लहान झाली, घरटी पोरं एक नाहीतर दोन. मग जी आहेत त्यांच्यासाठी ओढाताण. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेचे गुरुजी पाचवीच्या पोराचा दाखला हायस्कूलला लवकर सोडत नाहीत, कारण त्यांचाही पट घसरलेला. पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवताना, तुकडी जाते, तुकडी गेली की शिक्षक अतिरिक्त ठरतो, आणि त्याला पन्नाशीत बिऱ्हाड उचलून भलत्याच गावी समायोजनाला जावं लागतं. शाळांनी खोटी पोरंही दाखवली, नाही असं नाही. २०११ मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली, तेव्हा एकच पोरगं दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून पोरांच्या बोटाला मतदानासारखी शाई लावली होती. मे महिन्यातली मोटरसायकल या सगळ्यातून येते. त्या मोठ्या सरांना भाऊरावांसारखं समाजाचं काही घडवायचं होतं, असं मी म्हणणार नाही. त्यांना आपली नोकरी टिकवायची होती. पण रिक्षाचं भाडं ते खिशातून भरतात, हेही तितकंच खरं, आणि त्या रिक्षातून जे येतात ते नाहीतर शाळेला आलेच नसते.

कारण आता शाळेत कोण आहे, ते मी त्या गर्दीच्या दिवशी डोकावून बघितलं. वीटभट्टीवरच्या कुटुंबांची पोरं, बीडकडून ऊसतोडीला आलेली आणि मागं राहिलेली, रस्त्याच्या कामावरच्या कानडी मुकादमाची मुलगी, आणि आमच्याच गावातली ती पोरं जी पूर्वी टाकीमागं बसून खायची त्यांची नातवंडं. मराठीच्या बाई कानडी मुलीला ‘ळ’ शिकवायला गेल्या, तर तिला तो बाईंपेक्षा चांगला म्हणता येत होता. पटकन कुणी म्हणेल, मग चांगलंच की, ज्यांच्यासाठी भाऊराव हिंडले तीच पोरं उरली. मला तसं वाटत नाही. पंगतीत पाटलाचा पोरगा बसला होता म्हणून त्या पंगतीला धार होती. आमच्या वेळी छप्पर गळलं की तलाठ्याच्या मुलीची वही भिजायची, म्हणून दुसऱ्या दिवशी कौलं यायची. आज भिजणाऱ्यांच्या बापाचं मतदानच या गावात नाही. ज्यांनी पोरं काढून नेली त्यांना मी दोष देत नाही. सूनबाईनं काय बघून इंग्लिश मीडियम निवडलं ते मला माहीत आहे, आणि तिच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं. पण एकेकाचं बरोबर असतं आणि सगळ्यांचं मिळून गावाला जड जातं, असं होऊ शकतं.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मी अजून गावातच होतो. दादाची नात पिवळ्या बसनं गेली, वॉटरबॅग गळ्यात. पाचवीची तुकडी वाचली, असं धाकट्या सरांनी एसटी स्टँडवर सांगितलं. कशी म्हणून विचारलं, तर म्हणाले, ‘भट्टीवरची चार पोरं धरली, आणि दोन शाळा समितीच्या अध्यक्षांच्या घरची.’ अध्यक्ष म्हणजे आमचा जेसीबीवाला. मला खरं वाटेना. याचा बंगला मार्बलचा, दारात दोन गाड्या. संध्याकाळी गाठला त्याला मशीनपाशी.

‘तुझा नातू आणि आपल्या शाळेत?’

‘मग? अरं, बसवाल्यांनी घेतला न्हाई त्याला. इंटरव्ह्यू की काय घेतला, पोरगं बोललंच न्हाई. म्हटलं चल, आपल्या शाळंत कुणाला नापास करून फाटकातनं माघारी पाठवत न्हाईत. आन् भावाची पोरगी त्याच्यासंगं घातली, एकटं नको म्हणून.’ मग हात पुसत म्हणाला, ‘आता नातू गेलाय म्हटल्यावर ते छप्पर बघाय लागतंय. क-तुकडीच्या खोलीची सगळी कौलं फुटल्यात.’

कौलं आता मिळत नाहीत, पत्रा घालावा लागेल, असं त्याचं म्हणणं. पत्रा घातला तर मार्चमध्ये पोरं भाजून निघतील, पावसात सरांचा शब्द ऐकू येणार नाही, असं माझं. तो म्हणाला, ‘तू पुण्यात ऱ्हातोस, तुला बोलाय काय जातंय? जुनी कौलं कुठं मिळत्यात ते बघ, गाडीभाडं माझं.’ वर्गमित्रांच्या ग्रुपवर त्यानं रात्रीच मेसेज टाकला. पाडलेल्या वाड्याची मंगलोरी कौलं कुणाकडं असतील तर कळवा, फुटकी नकोत.